मागचं दार

घरात सगळे जिला 'मोठी' म्हणायचे, ती थोरली लेक विद्यापीठात कणांच्या वाहतुकीवर काम करायची. कॉम्प्युटरवर चौकटींचं जाळं मांडायचं, त्यात कण सोडायचे. पुढची जागा मोकळी असली तर कणानं सरकायचं, नसली तर थांबायचं. कण वाढवत नेले तरी बराच वेळ काही बिघडत नाही. मग थोडेसेच आणखी घातले, की पाण्याचा बर्फ व्हावा तसं सगळं जाळं एकदम गोठतं.

शहरातल्या एका दवाखान्यानं तिच्याकडून आपल्या व्हरांड्यांचं असंच जाळं मांडून घेतलं. तिनं स्पष्ट सांगितलं, "व्हरांड्याचं मागचं दार बंद ठेवलंत तर एक दिवस वळणावर गाडं अडेल. हळूहळू नाही, एकदम."

"त्या दारानं सामान चोरीला जातं," व्यवस्थापक म्हणाले. "आणि आजवर कधी अडलंय का?"

"आजवर गर्दी तेवढी झाली नव्हती."

त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

पुढे बाबांचे गुडघे दाखवायला ती त्यांना चाकाच्या खुर्चीतून तिथेच घेऊन गेली. वळणावर समोरून स्ट्रेचर आलं, मागून माणसं आली, आणि पाऊल टाकायला जागा उरली नाही. खुर्ची भिंतीला चिकटली. कुणाचं तरी कोपर तिच्या बरगडीत रुतलं.

"काय झालं गं?"

"गोठलं, बाबा."

"मग वितळव की. एवढी शिकलीस."

सर्वांत मागच्यांनी आधी मागे हटायला हवं होतं. "मागे निरोप द्या, मागे सरका," ती शेजारच्याला म्हणाली. चार तोंडांनंतर त्या निरोपाचं नुसतं "सरका" झालं, आणि मागचे आणखी पुढे रेटले.

मागचं दार हाकेच्या अंतरावर होतं, पण किल्ली होती रखवालदाराकडे, आणि तो पार दुसऱ्या टोकाला अडकलेला. मोठी घसा फोडून ओरडली. शेवटी डोक्यांवरून, हातोहात, किल्ली निघाली. मध्येच खाली पडली. वाकायलाही कुणाला जागा नव्हती.

 बाबा हळूच म्हणाले, "मोठे, मला बाहेर ने." त्यांची पँट ओली झाली होती. तिनं आपली शाल त्यांच्या मांडीवर पसरली आणि त्यांचा हात धरून उभी राहिली. दुसरं काही तिच्या हातात नव्हतं.

पायानं ढकलत ढकलत किल्ली दारापर्यंत पोचली. दार उघडलं आणि वळण मोकळं झालं.

संध्याकाळी व्यवस्थापकांचा फोन आला. "दार उघडं आहे असं धरून पुन्हा एकदा हिशेब करून द्याल का?"

"तो तुमच्याकडे आहे," ती म्हणाली. "आधीच दिलाय."

बाबा मात्र पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढले नाहीत. मोठीनं दार उघडं असल्याची शपथ घेतली, तरी नाही.