सोमवारची सायकल

नवरा पळून गेला की बायकोनं रडावं, अशी आमच्या बेंबळी गावाची अपेक्षा होती. मी चिडले. शिवप्रसाद दर सोमवारी सायकलवर धाराशिवच्या लेण्यांकडं जायचे. डोंगराखाली सायकल लावायची आणि वर पायी चढायचं, हा त्यांचा छंद. पावसाळ्यातल्या एका सोमवारी सायकल तिथंच राहिली, ते आले नाहीत. पोलिसांनी दरी शोधली, काही सापडलं नाही. मग गावानंच निकाल दिला: बाईचं लफडं असणार, सायकल टाकून कुणाच्या तरी गाडीवर बसून पुण्याला गेला.

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. मेलेल्या नवऱ्यापेक्षा लफडेबाज नवरा बरा, शिव्या घालायला तरी उरतो. भाकरी थापता थापता मी त्या बाईचा रोज उद्धार करायचे. सासूबाईंना, पार्वतम्मांना, त्याचाच आधार वाटायचा. "घाल शिव्या, पर त्येला परत येऊ दे," म्हणायच्या.

उन्हाळा लागल्यावर एका सोमवारी पोलिसांनी घरी आणून दिलेली त्यांची सायकल मीच बाहेर काढली. असं काय ठेवलंय तिथं, बघू तरी.

"महेश्वरी नवऱ्याला हुडकाय निगाली," पारावरून कुणीतरी हसलं. मी वळूनही पाहिलं नाही. चेन कुरकुरत होती. चढावर पाय भरून आले तेव्हा उतरले आणि ढकलत नेली. शेवटी पायवाटेनं वर पोचले. कोरलेले खांब, आत गारवा, समोर उघडी दरी. सुंदरच होतं, आणि त्याचाच राग आला. मला एकदाही आणलं नव्हतं.

उतरताना कडेच्या वाळलेल्या झुडपात काहीतरी चमकलं. हात घालून काढलं तर चांदीची डबी, आत इष्टलिंग. गळ्यात बांधायचा दोरा तुटलेला. झाकणावर पोचा होता; त्यांची डबी आमच्याच उखळावर आपटली होती तेव्हा मी समोर होते. गळ्यातलं लिंग पडलं तर आम्हा लिंगायतांतला माणूस ते सापडेपर्यंत जागचा हलत नाही. शिवप्रसाद तर रोज ते तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नसत. झुडपाच्या पलीकडं वाट नव्हती. दरी होती.

घरी आले. सासूबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. डबी लपवावी असं मनात आलं, पण त्यांनी माझी मूठ आधीच पाहिली होती.

"आत्या, दोरा तुटल्यालं त्यांना कळलं नसंल," मी भराभरा बोलत सुटले. "नवं लिंग मिळतंय की गुरूकडनं. ती बाई हाय, आत्या. पुण्यातच हायती ते."

जन्मात पहिल्यांदा मी त्या बाईची बाजू घेत होते. ती असू दे. माझ्याहून देखणी असू दे. फक्त असू दे.

सासूबाईंनी डबी पदरानं पुसली, कपाळाला लावली.

"तवापसनं पानी सुदिक पेला नसंल गं माजा लेक," त्या म्हणाल्या.