झऱ्यावरची घागर

सीताबाईंनी जुनं लुगडं झऱ्याच्या पाण्यात पसरलं, दोन टोकं दगडाखाली दाबली आणि उरलेली दोन हळूच वर उचलली. पुन्हा गप्पी मासेच. बोटाच्या पेराएवढे, रंगीत शेपट्यांचे. त्यांनी ते घमेल्यातल्या पाण्यात सोडले.

काठावर सून शुभांगी लेकीला घेऊन बसली होती. शेजारी हळदकुंकू लावलेली रिकामी घागर. घरची रीत अशी, की बाळंतीण पहिल्यांदा पाण्यावर आली की तिनं झऱ्यातला मासा पाहावा आणि मगच घागर भरून घरी न्यावी. मासा म्हणजे काळ्या पट्ट्यांचा, वाळूत लपणारा. तो पावसाळ्यापासून कुणालाच दिसला नव्हता.

गप्पी आरोग्यवाल्या ताईंनी घरच्या हौदासाठी दिले होते, डासांसाठी. उन्हात हौद तापतो, बिचारे भाजून निघतील, म्हणून सीताबाईंनी ते झऱ्यात सोडले. तिथं ते बेसुमार वाढले आणि झऱ्याचा मूळचा मासा दिसेनासा झाला; दया केली ती अशी अंगाशी आली. शिरपूरच्या बाजारात जाणारी त्यांची वांगी-मिरची याच पाण्यावर पिकायची, पण आताशा झऱ्याकडे बघायलाही त्यांना ओशाळं वाटे.

"आता वततो यायले दगडावर," त्यांनी घमेलं उचललं.

"थांबा आत्याबाई. तिले काय होऊन राह्यलं पाहा!"

घमेल्यात कडेला एक फुगल्या पोटाची मादी थरथरत होती. तिच्या पोटाखालून एक इवलासा गोळा निसटला, जरासा बुडाला, उलगडला आणि पोहू लागला. दोन डोळे, एक शेपटी. मग दुसरा. सीताबाई घमेलं ठेवून गुडघ्यांवर बसल्या. उभा जन्म पाण्याकाठी गेला होता, पण असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"अंडं नाही, काही नाही. जितं लेकरू!" त्या घमेल्यावर आणखी वाकल्या. "एवढ्याशा जिवात कुठं ठेवलं असन वं हे सारं?"

शुभांगीनं लेकीचं टोपडं नीट केलं.

बराच वेळ कुणी पाण्यात हात घातला नाही. गाळ खाली बसला, आणि जिथून झरा फुटतो त्या कपारीपाशी वाळू हलली. आधी मिशा दिसल्या, मग तोंड, मग काळे पट्टे. सीताबाईंचे डोळे भरून आले.

"दिसला वं माय! भर घागर."

शुभांगीनं बाळ सासूच्या हाती दिलं, घागर उचलली, पण झऱ्याकडे वळलीच नाही. घमेलं तिरकं करून तिनं गप्पी, पिल्लं, पाणी सगळं घागरीत ओतलं.

"हे काय करून राह्यली?"

"पाणी झऱ्याचंच आहे ना? हौदात सोडतो यायले. वरून तुराट्यांची सावली करू."

सीताबाईंनी कपारीकडे पाहिलं. गवतात गप्पी उरले असणारच. उद्या पुन्हा लुगडं धरावं लागणार होतं.

शुभांगी घागर कमरेवर घेऊन बांधावरून निघाली. नातीला छातीशी धरून सीताबाई मागोमाग चालत होत्या.

"सांभाळून चाल वं," त्या म्हणाल्या. "आत बाळंतीण आहे."