वाट्याला मूठभर वाटण

ओल्या मांसावर उघडा तळवा पडल्याचा आवाज, मऊ, जड आणि मला तरी थपडेसारखा वाटणारा; माझे सासरे आधी असे ऐकू येत, दिसत मागाहून. दिवाळीनंतर गावच्या मंडईचा, आमच्याकडच्या जत्रेचा, दिवस असे. बांधांवर धान पिवळं झालेलं, देवरीच्या रानावरून उतरणारं ऊन गुळाच्या पाकासारखं दाट, आणि त्या उन्हात अंगणातल्या चुलीशी उकिडवा बसलेला तो उंच, हाडकुळा, शिसवी वर्णाचा पुरुष, कोपरापर्यंत हळदीने माखलेला; जणू कार्तिक महिनाच त्यांच्या हातांनी आमचं घर दाबून धरीत असे. मी त्यांना अजूनही आदरार्थी बहुवचनातच आठवतो. वैरालाही रीत असते.

आमच्याकडे मांस घरातल्या चुलीवर चढत नाही. ते अंगणात, पुरुषाच्या हातचं. आणि ज्याचा हात मसाल्यात, त्याचाच शब्द घरात शेवटचा. मी घरजावई. धान माझ्या घामावर पिकत होतं, पण मंडईला मी लाकडं फोडायची आणि पळसाची पानं धुवायची.

त्यांचं गणित साधं होतं. गावकरी मिळून बोकड कापत आणि पळसाच्या पानांवर सारखे वाटे घालत. एका वाट्याला आलं-लसूण-मिरचीचं मूठभर वाटण, त्यात चमचाभर दही, चिमटीत मावेल तितकं मीठ. मसाला तुकड्याच्या अंगाला उटण्यासारखा लागावा, त्याला आंघोळ घालू नये. पातेलं, आमच्या बोलीतला गंज, तिरपं केलं तर बुडाशी ओघळ दिसता कामा नये. एकदा मी हौसेनं हात घातला आणि वाटण सढळ टाकलं. भरल्या अंगणात ते म्हणाले, "जावईबापू, मसाला मांसाले लावाचा असते, गंजाले नाही. दुसऱ्याच्या घरचा हाये म्हनून कायले उधळून राहिले?"

पाहुणे खो खो हसले. माझी बायको दारातून आत वळली. त्या हसण्याची धग माझ्या कानशिलांत कित्येक हिवाळे विझली नाही.

पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तळ्यावर पहाटेचं धुकं उतरावं तसा, हळू आणि न विचारता. तरी पाटा त्यांनी सोडला नाही. पानं मोजायची आणि तितक्या मुठी वाटण मीठ-दह्यासकट करून ठेवायचं, एवढ्यावर त्यांची हुकमत टिकून होती.

लढाईच्या महागाईचं ते वर्ष. बोकडं मिळेनात, म्हणून एकाच बोकडात पुष्कळ घरं शिरली. आमच्या घरी पानं नेहमीइतकीच आली, पण पानांवरचा वाटा निम्म्याला उतरला होता. पानं मीच आणली. त्यांनी वाटण ओतलं, तळवा फिरवला आणि मध्येच थांबले. त्या बोटांना जे कळायचं ते कळलं होतं. मान न वळवता, कधी नव्हे त्या मवाळ स्वरात त्यांनी विचारलं, "जावईबापू, वाटा दरसालएवढाच हाये ना?"

आयुष्यात पहिल्यांदा या माणसानं स्वतःच्या हातापेक्षा माझ्या शब्दाला मोठं मानलं होतं.

"हो, मामाजी," मी म्हणालो.

मग मीठ मांसात शिरत गेलं, दह्यानं त्याचं अंग सैल केलं, बुडाशी पिवळं पाणी साठलं. दुपारी पंगतीत पहिला घास घेऊन एक थोरले पाहुणे थबकले आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावून हसले. "मामा, आज समुद्र आनला का जी गंजात?" पुन्हा तेच अंगण, तेच खो खो. या वेळी मीही हसलो, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. सासऱ्यांनी स्वतःच्या पानातला तुकडा चाचपला, तोंडात टाकला, सावकाश चावून गिळला. मग माझं हसणं जिथून येत होतं तिकडे त्यांनी चेहरा वळवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

रात्र होण्याआधी बायकोनं विचारलं, "बाबाले काऊन नाही सांगतलं तुमी?" मी पंगतीची उष्टी पानं गोळा करू लागलो. सासऱ्यांनी तर कधी विचारलंच नाही. पुढच्या मंडईला ते भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसून राहिले आणि मसाल्याला माझा हात लागला. हवं होतं ते मिळालं. त्यानंतर ते माझ्या हातचं मांस मुकाट्यानं जेवत राहिले, ना बरं म्हणाले, ना वाईट. आणि एका उन्हाळ्यात तसेच, काही न बोलता, गेले.

मला त्यांची दया येत नाही, आजही नाही. त्यांनी मला छळलं, हे खरंच आहे. पण काळ माणसाला नेतो तेव्हा त्याच्याशी न बोललेली वाक्यं इथंच ठेवून जातो; माझं एक वाक्य माझ्यासोबतच म्हातारं होत चाललं आहे, आणि ज्याला ते ऐकून संतापायचा हक्क होता, असा माणूस आता जगात कुठंच नाही.