हळद लागलेला पडदा

मित्रांनो, हल्ली मी डोंबिवलीच्या एका मैदानावर दोन बांबूंच्या मध्ये उभा असतो. मी जुना झालो आहे, कडा विरल्या आहेत. पण एकेकाळी मी आंतरराष्ट्रीय सामना खेळलो आहे. खेळलो म्हणजे उभा राहिलो. त्या दिवशी तेही सोपं नव्हतं.

माझा जन्म भिवंडीच्या यंत्रमागावर झाला. ठाण्याजवळच्या बाळकूम गावातल्या गोपीनाथ मांडववाल्याने मला विकत घेतलं. लग्नं, बारशी, पुढाऱ्यांचे वाढदिवस, सगळं मी मागून पाहिलं. फोटोत मी सगळ्यांच्या पाठीशी असतो आणि माझ्याकडे कोणी बघत नाही. पांढऱ्या पडद्याचं कामच तसं. त्याच्याकडे लक्ष गेलं, की समजावं काहीतरी बिघडलंय.

ऐंशीच्या दशकात ठाण्यात बायकांच्या एकदिवसीय मालिकेचा शेवटचा सामना ठरला. एक सामना पाहुण्या देशाने जिंकला होता, एक आपण. गोलंदाजाच्या मागे पांढरा पडदा लागतो, नाहीतर हातातून सुटणारा लाल चेंडू फलंदाजाला दिसत नाही. मैदानाच्या दोन पडद्यांपैकी एक पुरुषांच्या सरावाला गेला होता. बायकांचं एकावर भागेल, असं संयोजकांचं मत पडलं. पंच ऐकेनात, तेव्हा गोपीनाथने मला फुकट दिलं. त्याची पुतणी मालू आपल्या संघाची सलामीची फलंदाज होती. परदेश दौऱ्याचा संघ या सामन्यावरून निवडायचा होता आणि मालूची जागा काठावर होती.

अडचण एकच. आदल्या संध्याकाळी गोपीनाथच्या मुलीची, शकूची, हळद झाली होती. आमच्याकडे हळद म्हणजे निम्मं लग्नच. नवरीला लावून उरलेली एकमेकांना फासायची, नाचायचं आणि हात पुसायचे. हात पुसायला सगळ्यात जवळ मी होतो.

सकाळी शकूची आई तुळसाकाकी मला साबणाने घासायला बसली. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. लग्नघरात मात्र कोणालाच आठवत नाही. नीट खळबळायच्या आत नळाचं पाणी गेलं. टेम्पो दारात उभा होता. मी तसाच मैदानावर गेलो, आणि लाल डाग आला नेमका गोलंदाजाचा हात वर जातो तिथे.

आपली फलंदाजी पहिली होती. माझ्या बाजूने आलेला दुसराच चेंडू मालूच्या खांद्यावर बसला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. समोरच्या टोकावरून तिची जोडीदार, आपली कर्णधार मंजुळा आली.

"पंचांना सांगते. काढायला लावू हा पडदा."

"मागे काय आहे, ताई? विटांची भिंत. तीपण लालच."

"मग दुसरा मागव."

"बाकीचं कापड मांडवाला लागलंय. संध्याकाळी लग्न आहे. आणि काकीला बघ, व्याह्यांना सांगतेय, पडदा मी धुतला म्हणून."

खरंच सांगत होती. प्रेक्षकांत निम्मं वऱ्हाडच होतं.

"मग करायचं काय?"

"या बाजूची बॉलिंग मी खेळते, तू दुसरी खेळ. सिंगल घ्यायची नाही. दोन नाहीतर चार."

एक धाव काढली असती तर टोकं बदलली असती आणि मंजुळा माझ्या डागासमोर आली असती. म्हणून मालू नुसती बॅट आडवी घालून उभी राहिली. मंजुळा पलीकडून चौकार मारत होती. मालू धाव नाकारून हात दाखवत होती.

"पल ना गो मालू, पल!" काकी ओरडली.

"भात लावाला आलीस काय गो?" एका जागी वाकून उभ्या मालूला मागून कोणीतरी म्हणालं.

"पोरगी दमलेली दिसते," व्याही समजुतीने म्हणाले. "काल फार नाचली."

मी काय करणार? हळद उन्हात टिकत नाही, एवढाच माझा आधार. जन्मात खाल्लं नसेल इतकं ऊन मी त्या दिवशी खाल्लं. लालाचा गुलाबी झाला, गुलाबीचा फिका पिवळा. मग मालू धावू लागली, मारू लागली. पण षटकंच फार उरली नव्हती. मंजुळाच्या ऐंशी धावा झाल्या, मालूच्या एकतीस. सामना आपण थोडक्यात जिंकलो.

निवड समितीचे एक गृहस्थ माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "संथ आहे. सोपी धाव असते, तर ही हात दाखवते." मी ऐकत होतो. पण माझ्यावर डाग उरलाच नव्हता.

"मी सांगते त्यांना," मंजुळा म्हणाली.

"आज नको, ताई. शकूचं लग्न लागू दे."

संघ दुसऱ्या दिवशी सकाळीच जाहीर झाला. त्यात मालू नव्हती.

सामन्याच्या संध्याकाळी मात्र मी नवरीच्या मागे लागलो होतो. काकी मला हात लावून लावून दाखवत होती. "बघ गो मालू, कसा निघाला डाग. साबणाची करामत."

"हो काकी," मालू म्हणाली.

पुढे रंगीत नायलॉन आलं आणि गोपीनाथने मला अडगळीत टाकलं. तिथून मालूने मला उचललं. आता ती डोंबिवलीत मुलींना क्रिकेट शिकवते. एखादी अडली, की ती सीमारेषेवरून ओरडत नाही. खेळपट्टीवर जाते, त्या मुलीच्या जागी उभी राहते आणि आधी माझ्याकडे बघते.

मित्रांनो, हळदीच्या डागाला साबण लावू नका. ऊन दाखवा, दम धरा. आणि कोणी धावत नसेल तर भात लावतेस का विचारण्याआधी, तिला समोर काय दिसतंय, तेवढं जाऊन बघा.