वीस सेडींचं सूप

फ्रेमाच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. एका अंगणाभोवती सात खोल्या, सात बिऱ्हाडं, सात चुली. पण संध्याकाळी वास सुटायचा तो फ्रेमाच्या चुलीचा. शेजारची मान्सा नवऱ्याकडून घरखर्चाला रोज साठ सेडी घ्यायची आणि तरी तिच्या सुपात मासा हुडकायला डुबकी मारावी लागायची.

"मान्सा, तुला पाणी फार महाग पडतं बाई," फ्रेमा उखळापाशी बसून ओरडायची, आणि सगळं अंगण हसायचं.

तिला स्वतःला मिळायचे चाळीस. चाळीसात पाच तोंडं, रोज उखळात कुटलेल्या कंदांचा फुफू, रोज सूप, आणि मासा न हुडकता हाताला लागायचा. कोंड्याचा मांडा करणारी बाई म्हणून तिचं नाव होतं आणि त्या नावाची तिला गुर्मी होती. ती गुर्मी नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

टेचिमान गावचा बाजार तिने पायांनी शिकून घेतला होता. टोमॅटो घ्यायचे ते दुपार कलल्यावर, विकणारीला घर आठवायला लागलं की. एका अंगाने नरम पडलेले निवडायचे आणि नाक मुरडून भाव निम्म्यावर आणायचा. फुफूसाठी कसाव्याचे कंद दुकानातून नाही, थेट ट्रकवरून. मका घ्यायचा तर आधी मापाच्या डब्यात हात घालून तळ चाचपायचा. तळ आत ठोकलेला लागला की भाव न विचारताच पुढे. आणि सौदा संपला की टोपली पुढे धरायची, "आता वर घाल." या बाजारात वर काहीतरी पडल्याशिवाय बाई उठत नाही. दोन मिरच्या, एखादं वांगं, मासळीचं एक डोकं. फ्रेमाचं निम्मं सूप या वरच्यावरच शिजायचं.

त्यातून दिवसाला सात-आठ सेडी उरायचे. ते ती घरात ठेवत नसे. मासळीचं कोल्ड स्टोअर चालवणारी पोमा मावशी एक जुना फ्रीझर विकायला काढणार होती, नऊशे सेडींना. फ्रेमा रोजची शिल्लक तिच्याकडे टाकायची. सहाशे झाले होते. फ्रीझरच्या झाकणाला तडा होता, त्यावर फ्रेमाने स्वतःच्या हाताने निळी चिकटपट्टी लावली होती, वस्तू घरी यायच्या आधीच. अंगणाच्या दाराशी, आंब्याखाली तो ठेवायचा, मासे आणि थंड पाणी विकायचं, असं ठरलेलं होतं. त्या जागेचा केर ती रोज काढायची.

कारण साधं होतं. तिचा नवरा अदाए सिमेंटच्या गोदामात मुकादम होता. रोज सकाळी तो रेडिओखाली नोटा ठेवून जायचा, न बोलता. राग आला की ठेवायचा नाही. मग तिने पोरांदेखत जाऊन मागायचं. एकदा त्याने चार दिवस मागायला लावलं होतं आणि पाचव्या दिवशी नोटा जमिनीवर टाकल्या होत्या. फ्रेमाने त्या वाकून उचलल्या. पुन्हा कधी वाकायचं नाही, एवढ्यासाठी तिला तो फ्रीझर हवा होता.

गोदामात बायकांच्या खर्चावरून रोज रडारड चालायची. एक दिवस अदाएने छाती फुगवून सांगितलं, "माझी चाळीसात पाच जणांना जेवू घालते." कुणी विश्वास ठेवीना. म्हणून रविवारी तो सार्पोंग नावाच्या जोडीदाराला जेवायलाच घेऊन आला.

त्या दिवशी फ्रेमाने जरा हात आवरता घेतला असता तर! पण पाहुणा परीक्षा घ्यायला आलाय म्हटल्यावर तिला राहवेना. पामफळांचं दाट लाल सूप, धुरावलेला मासा, खेकडे, गोगलगायी, आणि हातावर लोण्यासारखा बसणारा फुफू. सार्पोंग मनगटापर्यंत चाटत होता.

"वहिनी, खरं सांगा, हे चाळीसात?"

"चाळीसात," फ्रेमा म्हणाली. आणि तेवढ्यावर गप्प बसली असती तर ती फ्रेमा कसली. "बाजार करता आला तर चाळीसही जास्तच होतात."

सार्पोंग मोठ्याने हसला. "ऐकलंस अदाए? जास्त होतात म्हणे! मग वरचे जातात कुठे, ते विचार की लेका."

अदाए हसला नाही. त्याने वाडगा पुसून खाल्ला आणि हात धुतले.

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. सोमवारी रेडिओखाली तीस सेडी होते.

फ्रेमा त्या नोटांकडे बघत राहिली. भांडावं तर कुठल्या तोंडाने? तीस पुरत नाहीत म्हणावं तर कालचं बोलणं खोटं. आणि चाळीसातले उरायचे म्हणावं, तर इतके दिवस चोरी केली असं होतं. तीसात तिने कसंबसं भागवलं, दोन सेडी पदरचे घालून. पंधरा दिवसांनी पंचवीस झाले.

त्या दिवशी तिने सूप पातळ केलं. कळू दे एकदा, असं ठरवूनच केलं. अदाएने एक घास बुडवला, वाडगा दोन बोटांनी सरकवला आणि उठला. हमरस्त्यावर अजेवाची खानावळ होती. नवऱ्यामागे एकटीने चालवलेली. तो तिकडे जेवला. फ्रेमाचा भरला वाडगा ताटलीखाली झाकलेला राहिला, आणि आमच्याकडे बायकोचा भरला वाडगा परत आला की सकाळपर्यंत साऱ्या वस्तीला ठाऊक होतं.

"काय गं फ्रेमा," मान्सा चुलीवरून म्हणाली, "तुझंही पाणी महागलं वाटतं?" सगळं अंगण हसलं. मग मान्सा जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "माझ्या नवऱ्यानेही कमी केले. फ्रेमाला चाळीसात जमतं, म्हणाला. तुझ्या पोरांनी उपाशी झोपावं असं मी म्हणत नाही. पण तू झोपावंस."

फ्रेमाला त्या रात्री नुसती लाज वाटली नाही, भीती वाटली. सकाळी उठून ती पोमा मावशीकडे गेली आणि आपल्या पैशातून वीस सेडी परत घेतले. त्या संध्याकाळचं सूप दाट होतं. अदाए घरी जेवला, आणि त्याच आठवड्यात पंचवीसाचे वीस केले.

आता याला काय म्हणावं? तो कापायचा आणि ती भरायची. फ्रीझरचा एकेक कानाकोपरा सुपात उतरत होता. फ्रेमाला हे दिसत नव्हतं असं नाही. पण रोज वाटायचं, आज एक दिवस वाडगा परत यायला नको, उद्या बघू. ती आता बाजारात दुपार उतरल्यावर नाही, बाजार उठल्यावर जायची. जमिनीवर पडलेल्या मिरच्या वेचायची. रात्रीचं स्वतःचं जेवण तिने कधी सोडलं, ते पोरांनाही कळलं नाही. तरी दिवसाला बारा सेडी पोमा मावशीकडून यायचेच.

"दात कोरून पोट भरत नाही गं पोरी," शेवटचे बारा हातावर ठेवताना मावशी म्हणाली. "तुझं माझ्याकडे आता काही नाही. फ्रीझर मी दुसऱ्या कुणाला दिला तर मनात धरू नकोस. गिऱ्हाईक आलंय, सगळे एकदम देतंय."

"द्या," फ्रेमा म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

दोन दिवसांनी सकाळी अदाए नोटा ठेवून गेला नाही, थांबला. चक्क बोलला. "आजपासून मासा पोमाकडून आणू नकोस. अजेवाने खानावळीत मासे विकायला ठेवलेत, स्वस्त पडतील. मी सांगून ठेवलंय तिला."

फ्रेमा गेली. खानावळीच्या दाराशी, सावलीत, फ्रीझर घुरघुरत उभा होता. झाकणावर निळी चिकटपट्टी. एका टोकाला ती थोडी उचकटली होती, ते टोक पट्टी लावताना नखाने दाबायचं तिच्याकडून राहून गेलं होतं.

"ये ये, ताई," अजेवा म्हणाली. बाई मनाची वाईट नव्हती, तेच जास्त लागलं. "तुझ्या नवऱ्याचा फार आधार बघ. एकेक सेडी बाजूला टाकून घेऊन दिला मला. एवढे साठवलेस कसे, विचारलं, तर म्हणाला, बचत करायला बायकोने शिकवलं."

हे झाकण उचलावं आणि तिच्या हातावर आपटावं, असं फ्रेमाला वाटलं, अगदी स्पष्ट वाटलं. मग तिला रेडिओखालच्या नोटा आठवल्या. पाच तोंडं आठवली.

तिने वाकून दोन मासे निवडले, कल्ले उघडून पाहिले, भाव पाडला. पैसे दिले. आणि टोपली पुढे धरली. हात आपसूक पुढे आला की तिने आणला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"आता वर घाल," ती म्हणाली.

अजेवाने एक लहान मासा वर घातला. मग जरा विचार करून, दया आल्यासारखा, आणखी एक.

त्या संध्याकाळचं सूप फार चांगलं झालं. अदाएने वाडगा बोटाने निपटून खाल्ला आणि बऱ्याच महिन्यांनी ढेकर दिला. "बघ," तो म्हणाला, "म्हटलं नव्हतं तुला स्वस्त पडेल?"

सकाळी रेडिओखाली अठरा सेडी होते. फ्रेमाने ते उचलले, टोपली घेतली आणि आंब्याखालून निघाली. त्या जागेचा केर तिने काढला नाही. अजेवाकडे लवकर गेलं तर मासळीची डोकी फुकट मिळतात, असं तिला कालच कळलं होतं.