खोगिराची पितळी मूठ

मित्रांनो, मी एक जुने खोगीर आहे. बिनकामाच्या गर्दीला तुम्ही खोगीरभरती म्हणता, ते माझ्या कानांवर येते. पण माझ्या पोटातला सावरीचा कापूस पोंभुर्ण्याच्या जंगलातून वेचून आणलेला आहे, तेव्हा जरा जपून बोला.

नव्वदच्या सुमारास ब्रह्मपुरीच्या बाबूभाईंनी मला स्वतःच्या हातांनी घडवले. वरातीला घोडी देणे हा त्यांचा धंदा. सागवानी सांगाडा, त्यावर कातडे, वर लाल मखमल आणि पुढे माझी खरी शान, एक पितळी मूठ. ती मूठ नवरदेवांसाठी होती. आमच्याकडचे नवरदेव धानाच्या बांध्यांत वाढलेले. बैल हाकतील, पण घोडीवर बसायची वेळ जन्मात एकदाच. चांदणी घोडी बँडच्या तालावर पाय टाकू लागली की त्यांची बोटे मुठीला घोरपडीसारखी चिकटत. एकाने तर मांडवापुढे उतरायची वेळ आली तरी मूठ सोडली नाही. शेवटी बाबूभाई म्हणाले, "आता सोड ना गा भाऊ, नवरी वाट पाहून राह्यली."

बाबूभाईच्या खोगिरावरून नवरदेव पडत नाही, असे सारा तालुका म्हणे. मी फुगून जात असे.

बाबूभाईंची मुलगी शहजादी. वराती नसल्या की ती चांदणीला वैनगंगेच्या रेतीत दौडवी. लहानपणापासून तिचा एक हात लगामाला आणि एक माझ्या मुठीला. मला त्याचे फार कौतुक होते. ती कॉलेजात गेली तेव्हा तिथले खेळाचे सर, गुणवंतराव, यांनी सांगितले की नागपूरला कॉलेजांच्या स्पर्धेत घोडेस्वारी आहे. झाले, शहजादीला दुसरे काही सुचेना.

सर तिची दौड पाहायला मैदानावर आले आणि पाहून विचारात पडले.

"पोरी, तुही बैठक पक्की आहे. पण तिथलं खोगीर साधं रायते, त्याले मूठ नसते. मुठीवरचा हात सुटला तरच तुहं नाव धाडतो. दिवाळीनंतर पुन्हा पाहीन."

शहजादीने जिवाचे रान केले. तो हात पाठीमागे धरून पाहिला, ओढणीत गुंडाळून पाहिला. पण चांदणीने वेग घेतला की हात आपोआप माझ्याकडे येई. एका संध्याकाळी ती पागेच्या दारात मट्कन बसली. "अब्बा, माह्याच्यानं नाई होत."

बाबूभाई उठले आणि करवत घेऊन आले.

"अब्बा, मूठ काऊन कापता? तुळशीचं लगन झालं का वराती सुरू होतेत. नवरदेव पडन ना."

"नवरदेवाले मी धरीन. तुले तिथं कोण धरन?"

मित्रांनो, माझी शान जमिनीवर पडली, तेव्हा मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

पहिल्याच दिवशी शहजादी धपकन रेतीत पडली. कपडे झटकून उठली आणि पुन्हा बसली. हात माझ्याकडे येई, मुठीच्या बुडख्यावर चाचपडे आणि रिकामाच लगामाकडे परते. हळूहळू तो यायचाच थांबला. दिवाळीनंतर सरांनी तिची दौड पाहिली आणि तिथल्या तिथे तिचे नाव पक्के केले.

नागपूरला घोडे आणि खोगिरे तिथलीच होती. त्यामुळे मी घरी खुंटीवर टांगलेले, सगळा जीव दाराकडे. शहजादी परतली तेव्हा बाबूभाईंनी नंबर विचारला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "हात गेला का?"

"एकदाबी नाई, अब्बा." मग हसून म्हणाली, "आन् तिसरी आली मी."

मूठ होती तेव्हा माझी पुष्कळ वाहवा झाली, पण असा आनंद मला कधी झाला नव्हता.

त्या लग्नसराईत बाबूभाई नवरदेवाचा हात धरून वरातभर पायी चालले. लोक हसले, पण नवरदेव काही पडला नाही. आता चांदणी राहिली नाही. नवरदेव सजवलेल्या मोटारीतून येतात आणि माझी मखमल उंदरांनी कुरतडली आहे. तुमच्याही घरात एखादी अशी जुनी वस्तू असेल, जिला धरून तुम्ही शिकलात आणि मग सोडून पुढे गेलात. पुढे जायलाच हवे. पण वर्षातून एकदा तिच्यावरची धूळ तेवढी पुसा.

शहजादी माहेरी आली की तेलाचा फडका घेऊन पागेत येते. माझे कातडे पुसते. पुसता पुसता तिचा हात त्या बुडख्यावर येऊन थांबतो. तो तिने लवकर काढू नये, असे मला वाटते.