टाकीखालचा गळका जोड

मी एक जुना प्लॅस्टिकचा जोड आहे. नुसता जोड म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडाल, मित्रांनो. पण कतारमधल्या दुखान गावातल्या एका घरातली माशांची टाकी आणि तिच्याखालचा फिल्टर यांना मीच बांधून ठेवलं होतं. टाकीच्या तळाला भोक, भोकाला नळी आणि नळीला मी. माझ्या आत एक मऊ रबरी रिंग होती. पाणी अडवायची ती; पण दिसायचो मी, म्हणून कौतुक माझं व्हायचं.

टाकी उर्वीची होती. तिच्यात दोन सोनेरी मासे होते, मोदक आणि बुंदी. उर्वीचे बाबा हेमचंद्र तेलाच्या कंपनीत इंजिनिअर. टाकी नवी होती तेव्हा ते पाहुण्यांना वाकायला लावून मला दाखवायचे. "बघा, एक थेंब नाही!" म्हणायचे.

पुढे रिंग वाळून कडक झाली आणि मी गळू लागलो. उर्वीच्या आईने, नीलांबरीने, खाली वाटी ठेवली. भरली की ओतायची, एवढीच माझी चौकशी. वाटीच्या जागी पातेलं आलं, तेव्हा कुठे एका शुक्रवारी सकाळी हेमचंद्र हातभर लांब लोखंडी पाना घेऊन बसले.

"अहो, प्लॅस्टिक आहे ते. आधी उघडून तर बघा," नीलांबरी म्हणाली.

"अगं, प्लँटवर रोज हेच बघतो मी. आवळलं की बंद होतं."

प्लँटवर लोखंड असतं हो! मला ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड कुठे? रिंग वाळलेली आणि पिळत होते मला. पहिल्या पिळाला गळती थांबली. "खलास!" म्हणत त्यांनी खात्रीसाठी आणखी एक पीळ दिला. मी उभा तडकलो.

"बाबा, स्टॉप! माय फिश!" उर्वी किंचाळली.

हेमचंद्रांनी मला दोन्ही हातांनी दाबून धरलं, तरी पाणी बोटांमधून धो धो वाहत राहिलं. माझ्याच अंगातून टाकी रिकामी होत होती आणि मला काहीही करता येत नव्हतं. उर्वीने पातेलं घेऊन थंड पाण्याचा नळ उघडला.

"तो नको! गिझरचं घे!" आई ओरडली. उन्हाळ्यात इथे छतावरच्या टाकीचं पाणी चटके देतं. बंद गिझरमधलं पाणी घरात सावलीत असतं, म्हणून तेच त्यातल्या त्यात गार. ते भरेपर्यंत मासे टाकीच्या तळातल्या खड्यांवर तडफडत होते.

दोघांना पातेल्यात सोडलं. नवा जोड दोह्यातच मिळणार होता आणि शुक्रवारी दुकानं दुपारच्या नमाजनंतर उघडतात. "आणतो बेटा, लगेच आणतो," म्हणत हेमचंद्र गाडी काढून गेले.

ते परतले तेव्हा मोदक पोहत होता. बुंदी आडवी तरंगत होती.

"माझं चुकलं, उर्वी. मी जास्तच आवळलं," ते म्हणाले.

उर्वी पातेल्यापासून हलली नाही. "बाबा, इट वॉज लीकिंग एव्हरी डे. आपण फक्त वाटी ठेवली."

हेमचंद्रांनी नवा जोड हातानेच बसवला आणि मला कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. त्यांचा मला राग नाही.

मित्रांनो, एवढंच मागतो. गळणाऱ्या वस्तूखाली वाटी ठेवून निघून जाऊ नका. ती हलकेच उघडा, आत काय वाळलंय ते बघा. आम्हाला बोलता येत नाही, आम्ही नुसते गळतो. आमच्या भरवशावर पोहणाऱ्यांना तर तेवढंही करता येत नाही.